तीन अंशांचा उतार

बाबा, विमान खाली उतरतं म्हणजे नेमकं किती तिरकं उतरतं, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतंत. मी नववीत होते. मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? उतरतं म्हणजे उतरतं. आता माझी पन्नाशी जवळ आली आहे आणि गेली कित्येक वर्षं मी त्याच एका प्रश्नावर नोकरी करते आहे. आपल्या इंदूरच्या विमानतळावर धावपट्टीच्या कडेला एक छोटी केबिन आहे, तिच्याशेजारी एक उंच, लाल-पांढरा खांब. त्या खांबावरून विमानाला उतार दाखवणाऱ्या लहरी निघतात, आणि त्या जागच्या जागी आहेत ना ते बघणं हे माझं काम. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी डबा घेऊन तिथे येऊन बसला असतात आणि माझ्या स्टाफला भंडावून सोडलं असतंत, ‘भिया, ये डिब्बा करता क्या है?’ सिक्युरिटीवाल्यांनी तुम्हाला गेटवरूनच परत पाठवलं असतं, ती गोष्ट वेगळी.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुमच्याशी एका वाक्याबद्दल बोलायचं आहे, जे मी तुम्हाला स्वयंपाकघरात उभी राहून सुनावलं होतं. पण ते आधी काढलं तर तुम्ही ‘बरं बरं, जेवून घे’ म्हणाल आणि उठून जाल. म्हणून आधी विमानाचं सांगते. विमानाचं ऐकायला तुम्ही बसाल, मला माहीत आहे.

तुम्ही मिलमध्ये साचेखात्यात जॉबर होतात. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि बिघडलेला साचा उघडून, दुरुस्त करून पुन्हा चालू करून द्यायचा हे जॉबरचं काम. एका दसऱ्याला मशीनच्या पूजेसाठी तुम्ही मला आत नेलंत आणि पूजा झाल्यावर एक साचा चालवून दाखवलात. पण चालू करायच्या आधी तुम्ही खिशातून खडूचा तुकडा काढलात आणि ज्या लोखंडी बीमवर सुताचा ताणा गुंडाळलेला असतो, त्याच्या कडेवर एक रेघ ओढलीत. बीम हळूहळू फिरतो. ती रेघ एक फेरी मारून परत वर येईपर्यंत धागा दोनदा तुटला तर साचा बंद, पुन्हा सगळं उघडायचं, वाद नाही. आत इतका गोंगाट होता की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही समजावलंत. ‘चालत्या साच्यापुढे उभं राहून ठरवायचं नसतं. त्या आवाजात डोकं चालत नाही. माणूस म्हणतो, अजून थोडं बघू, अजून थोडं बघू, आणि अख्खा ताणा वाया जातो. म्हणून आधी रेघ, मग हँडल.’ घरीही तुमचं तेच. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला तुमचा खडू चालायचा. गॅसची टाकी कधी लावली, मला ताप आला तर कितीच्या वर गेल्यावर डॉक्टरकडे न्यायचं, सगळं तिथे. आई वैतागायची. ‘हे स्वयंपाकघर आहे की साचेखातं?’ म्हणायची, पण पुसायची मात्र नाही.

मी नववीत गेले त्याच उन्हाळ्यात मिलला कुलूप लागलं. पेपरात रोज नवं काहीतरी यायचं, बाहेरच्या कंपन्या येणार, बाजार खुला होणार. आमच्या गल्लीत एका घरी केबल टीव्ही आला होता आणि सगळी पोरं तिथे पडलेली असायची. आणि इकडे परदेशीपुऱ्यात सकाळचा भोंगा बंद. भोंगा नसल्यामुळे आईचा कुकर उशिरा लागायला लागला, एवढं मला आठवतं. तुम्ही सगळे मात्र पाळीच्या वेळेला घरातून निघायचात आणि मिलच्या गेटवर जाऊन बसायचात. समोरच्या घरातले काका, म्हणजे तुमचे खात्यातले जोडीदार, रोज सकाळी तुम्हाला हाक मारायचे. ‘चल रे, दिवाळीच्या आत सुरू होते बघ,’ म्हणायचे. आणि भाद्रपद जवळ आला तसं गेटवर ठरलं की मिल बंद असली तरी अनंत चतुर्दशीला आपली झांकी निघणारच. दरवर्षी प्रत्येक मिलचा हलता देखावा ट्रॉलीवर चढून शहरातून मिरवायचा. आपली मिल मागे राहिली तर नाक कापलं गेलं असतं. कमिटीतल्या कुणीतरी काढलं, ‘नया जमाना आ रिया हे भिया, इस बार अपन हवाई जहाज उतारेंगे.’ आणि सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं पत्रा कापायला घेतला असता. तुम्ही म्हणालात, ‘हओ, उतारेंगे. पर पहले देखना तो पड़ेगा, उतरता कैसे है.’ मग आपले रविवार सुरू झाले. तुम्ही सायकलवर, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर पिशवी. पिशवीत माझ्या कंपासपेटीतला कोनमापक, दोरा, एक जड बोल्ट आणि आईनं बांधून दिलेले सेव-परमलचे चुरमुरे. बडा गणपती मागे टाकून विमानतळाजवळच्या बिजासनच्या टेकडीवर पोचेपर्यंत तुमचा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. तेव्हा दिवसाला दोन-तीन विमानं यायची, त्यामुळे आपण मुख्यतः वाट बघायचो. विमान दिसलं की तुम्ही कोनमापकाची सरळ कड त्याच्या वाटेशी जुळवायचात, बोल्ट लटकवलेला दोरा खाली सोडायचात, आणि मी डोळे बारीक करून आकडा वाचायचा. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून घेतलं होतं: तीन, साडेतीन, तीन, अडीच. तुम्ही ते बघून चक्क रागावलात. ‘चुकतंय काहीतरी. एवढ्याशा उतारावर तर पाणी पण विचार करून वाहील!’ मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. पुढचे दोन रविवार आपण पुन्हा मोजलं आणि पुन्हा तीनच आलं.

चूक नव्हती हो बाबा. तीनच असतो. आज मी सांगते, अधिकृत! धावपट्टीपर्यंत विमान साधारण तीन अंशांनी उतरतं, आणि माझी केबिन त्याला तेच सांगत असते. खांबावरून जणू दोन आवाज निघतात. एक म्हणतो तू जरा वर आहेस, दुसरा म्हणतो तू जरा खाली आहेस. दोघांचा जोर सारखा झाला की पायलटच्या समोरचा काटा मध्यावर येतो, आणि मग ढगात त्याला स्वतःचं नाक दिसत नसलं तरी तो बरोबर वाटेवर असतो. मुळात तो एकदम खाली येतच नाही. आधी मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळावं तसा तो ठरलेल्या एका ठिकाणी येतो. मग उंची थोडी सोडतो, वेग कमी करतो, चाकं काढायची तयारी करतो आणि धावपट्टीच्या रेषेत येतो. तोवर उतार धरायचा नाही, आधी रेषा जुळवायची. रेषा जुळली की शेवटचा टप्पा, तो तुमचा तीन अंशांचा. आणि त्याच्याही पुढचं एक आहे, पण ते मी जरा राखून ठेवते, कारण ते आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या रविवारी आभाळ इतकं खाली आलं होतं की टेकडीवरच्या देवळाचा झेंडा धुरकट दिसत होता. मी म्हटलं, आज कसलं विमान येतंय. तुम्ही म्हणालात, आलोच आहोत तर भुट्टा खाऊ. भुट्टेवाल्यानं कणसं निखाऱ्यावर टाकली आणि तेवढ्यात आवाज आला, जवळ, अगदी जवळ. ढगाच्या पोटातून चाकं दिसली, पंखाचा तुकडा दिसला, आणि एकदम इंजिनं अशी गरजली की मी तुमचा शर्ट घट्ट धरला. विमान नाक वर करून पुन्हा ढगात गेलं. गेलं ते गेलंच. भुट्टेवाला हसला, ‘डर गया भिया!’ मीही म्हटलं, ‘बाबा, घाबरला तो.’ तुम्ही किती तरी वेळ आवाज जाईल तिकडे बघत राहिलात. कणीस हातात तसंच. मग म्हणालात, ‘नाही गं. घाबरलेला माणूस हातातलं सोडत नाही. तो खालीच येत राहतो.’ आणि सायकलला पाय लावताना, मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं, ‘त्याला आता कोणी विचारत असेल का, का गेलास वर म्हणून?’ पुढच्या रविवारी भुट्टेवाल्यानं बातमी दिली की ते विमान सरळ भोपाळला जाऊन उतरलं. तुम्हाला का कुणास ठाऊक, फार बरं वाटलं होतं.

झांकीची ट्रायल मिलच्या बाहेरच्या मैदानात, भर दुपारी झाली. तुमचं विमान पत्र्याचं, चंदेरी रंगाचं, वीस फूट तारेवरून खरोखरच्या तीन अंशांनी खाली आलं. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम एक फूट! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ‘ये उतर कां रिया हे? ये तो पटरी पे चल रिया हे!’ आणि अख्खं मैदान हसलं. काका हसून हसून खाली बसले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मला वाटलं तुम्ही आता वही काढून त्यांना आकडे दाखवाल. तुम्ही फक्त पाना उचललात आणि तार सोडवायला घेतलीत. संध्याकाळपर्यंत उतार बारा-तेरा अंशांचा झाला आणि विमान घारीसारखं झेपावत यायला लागलं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, ‘पण खरं तीनच आहे ना?’ तुम्ही म्हणालात, ‘आहेच. पण मी ट्रायलच्या आधीच ठरवलं होतं, लोकांना उतरताना दिसलं नाही तर तार बदलायची. मग आता कशाला कुढायचं?’ त्या वर्षी आपल्या विमानाला टाळ्या फार पडल्या.

आता ते स्वयंपाकघर. तुळशीचं लग्न होतं. दिवाळी येऊन गेली होती, मिल सुरू झाली नव्हती, आणि गेटवर आता धरण्याचा मंडप उभा राहिला होता. काका आणि पन्नास-साठ जण रोज तिथे बसायचे, घोषणा व्हायच्या. त्या दिवशी सकाळी तुम्ही काकांच्या हाकेला ‘ओ’ दिली नाहीत. संध्याकाळी घरी आलात आणि आईला म्हणालात, सांवेर रोडला प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम मिळालं, उद्यापासून जायचंय. जॉबर म्हणून नाही, साधा हेल्पर म्हणून. मला गल्लीत आधीच कळलं होतं. काकांची मुलगी माझ्या वर्गात होती, आम्ही एका डब्यात जेवायचो, आणि तिनं मला विहिरीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ‘तेरे बाबा भाग गए.’ मी तणतणत घरात आले. तुम्ही मोरीत हात धूत होतात, पाटावर ताट वाढलेलं, गिलकीची भाजी. मी म्हणाले, ‘सगळे बसलेत तिथे. काका बसलेत. तुम्हीच पळालात. घाबरलात तुम्ही.’ आई मला मारायला उठली. तुम्ही तिचा हात धरलात, पंच्याला हात पुसलेत आणि मला म्हणालात, ‘जेवून घे.’

तुम्ही मला टेकडीची आठवण करून देऊ शकला असतात. तुमच्याच तोंडचं वाक्य होतं, घाबरलेला माणूस हातातलं सोडत नाही. ते का नाही वापरलंत? मला आजही ह्याचं नवल वाटतं. मी तुमच्या जागी असते तर पोरीला ते वाक्य चार वेळा ऐकवलं असतं! पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, ‘चलतेस का टेकडीवर?’ मी म्हटलं, ‘अभ्यास आहे.’ त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तुम्ही एकटे जाऊन आलात आणि चौथ्यापासून विचारणं बंद झालं. तुमच्या कपड्यांना पूर्वी तेल आणि सुताचा वास यायचा, आता जळक्या प्लॅस्टिकचा यायला लागला, आणि मी तुमचे कपडे माझ्या कपड्यांत भिजवू नको म्हणून आईशी भांडायची. एकदा तुम्ही कारखान्यातून एक निळा मग आणलात, कान वाकडा झालेला, विकायला न चालणारा. ‘तुझ्यासाठी,’ म्हणालात. मी तो मोरीत ठेवून दिला. तुम्ही तिथे सहा वर्षं काम केलंत. मी भंवरकुआंच्या हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एका दुपारी पाळी करून आलात, पाणी मागितलंत, आणि आईनं पेला भरून आणेपर्यंत गेलात.

चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराला वाळवी लागली, दार बदलायचं ठरलं. सुतार आला तर आई दारापाशी जाऊन उभी. त्या दाराच्या मागे सगळ्यांत वर, पुसट झालेल्या खडूत तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: तुळशीचं लग्न. आणि खाली एक रेघ. लहानपणी मी ते रोज पाहायची. मला वाटायचं ऊस-आवळे आणायची आठवण असेल. आई म्हणाली, ‘अगं, हे त्यांनी मिलला कुलूप लागलं त्याच दिवशी लिहिलं. मला म्हणाले, तुळशीच्या लग्नापर्यंत भोंगा झाला नाही तर मी गेट सोडीन. तेव्हा मी कां-कू करायला लागलो तर तू मला हे दाखव.’ मी विचारलं, ‘केली कां-कू?’ आई हसली. ‘केली तर! त्या दिवशी सकाळी काकांची हाक आली आणि चप्पल घालून निघालेच होते. म्हणाले, चार दिवस अजून बघू, लोक काय म्हणतील. मी पुढे झाले. दार लोटलं आणि बोट दाखवलं. पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले. मग चहा न घेता सांवेर रोडला गेले.’ मी सुताराला म्हटलं, आज नको, उद्या ये. आणि मग त्या दारापाशी बसून मी लहान पोरीसारखी रडले, बाबा.

कारण मी जे राखून ठेवलं होतं ना, ते हेच. तीन अंशांच्या शेवटच्या टप्प्यात एक उंची आधीच ठरलेली असते. आमच्याकडे धावपट्टीपासून साधारण दोनशे फूट. उतरायला सुरुवात करायच्या आधी, डोकं शांत असताना, दोन्ही पायलट ती एकमेकांना बोलून दाखवतात, आणि तिथून वर जायचं झालं तर कसं जायचं, कुठे वळायचं, तेही. मग ती उंची आली की यंत्र नुसतं बोलतं, ‘मिनिमम्स.’ धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर वर. अजून थोडं बघू, हे चालत नाही. दिसेल असं वाटतंय, हेही चालत नाही. तुम्ही खडूनं लिहिलं होतंत आणि आईनं ‘मिनिमम्स’ म्हटलं, बोटानं. आणि मला ह्या गोष्टीचं कुतूहल काही केल्या संपत नाही. कुलूप लागलं त्या दिवशी सगळे म्हणत होते आठवड्यात उघडेल, मग तुम्हाला रेघ ओढायची बुद्धी कुठून झाली? तुळशीचं लग्नच का, दिवाळी का नाही? त्या पाच मिनिटांत तुम्हाला धावपट्टी थोडीशी दिसत होती का, भास झाल्यासारखी? काका चुकले असं मी म्हणत नाही, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. ते पुढे किती तरी वर्षं गेटवर जात राहिले, आणि मिल काही उघडली नाही. पण पायात घातलेली चप्पल तशीच ठेवून थांबणं किती जड गेलं, एवढं तरी सांगा.

आणि तुमच्या टेकडीवरच्या प्रश्नाचं उत्तर मला परवा मिळालं. आमच्या लहरी तपासायला मधूनमधून एक खास विमान येतं, मुद्दाम उताराच्या थोडं वर, थोडं खाली उडून बघतं. काम झाल्यावर त्याच्या पायलटबरोबर कँटीनमध्ये चहा घेत होते. तुमचाच प्रश्न मी विचारला, ‘तुम्ही न उतरता वर गेलात, तर टॉवरवाले विचारतात का, का गेलास म्हणून?’ तो म्हणाला, ‘नहीं मैडम, उस वक़्त कोई नहीं पूछता. बस इतना पूछते हैं, अब आगे क्या करना है.’ म्हणजे बघा, जी माणसं त्याला ओळखतही नाहीत ती सुद्धा इतकी रीत पाळतात. मी घरची होते, मला ‘आता पुढे काय?’ एवढंच विचारायचं होतं, आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. ते वाक्य मी परत घेते. उशीर झाला आहे, तरी घेते.

त्याच संध्याकाळी मी गाडी काढून सांवेर रोडला गेले. म्हटलं, तुमचा कारखाना बघू, कुणी जुना माणूस भेटला तर विचारू की हेल्पर म्हणजे तुम्ही नक्की काय करायचात, उभं राहून की बसून, मशीन कसलं होतं, तिथेही खडूची रेघ ओढायचात का. दोन्ही बाजूंना गेटंच गेटं, पाळी सुटलेली, डबेवाली माणसं सायकलींवर. एका चौकीदारानं काच खाली करायला सांगितली आणि विचारलं, ‘कौन सी फैक्ट्री में जाना है, बहनजी?’ बाबा, सहा वर्षं तुम्ही जिथे जात होतात, त्या जागेचं नाव मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं.